जुनी पोकेमॉन कार्डं घेताना या चुका टाळा

फर्स्ट एडिशनचा, म्हणजे पहिल्या छपाईचा, शिक्का दिसला की पैसे मोजायचे, ही सर्वांत महागात पडणारी चूक. 1999 च्या इंग्रजी बेस सेटमध्ये, म्हणजे पहिल्या कार्डसंचात, हा शिक्का फक्त शॅडोलेस कार्डांवर आहे, म्हणजे ज्यांच्या चित्राच्या चौकटीला उजवीकडे सावली नाही अशा. सावलीही आहे आणि शिक्काही आहे, तर शिक्का मागाहून मारलेला समजा. अपवाद एकट्या मॅचॅम्प या कार्डाचा. तो स्टार्टर डेकमधून, म्हणजे नवख्यांसाठीच्या तयार संचातून, आला, सावलीवाल्या कार्डावरही शिक्का घेऊन. म्हणूनच 'दुर्मीळ फर्स्ट एडिशन' म्हणून तोच सर्रास गळ्यात मारला जातो.

जळगाव-धुळ्यात बसून घेताना व्यवहार बहुधा फोटोवरच होतो. विकणाऱ्याच्या 'मिंट'वर, म्हणजे 'अगदी कोरं' या शब्दावर, जाऊ नका. चारही कोपऱ्यांचे, मागच्या बाजूचे आणि कार्ड उजेडात तिरपं धरून काढलेले फोटो मागा. मागच्या निळ्या कडेवर पांढरे ठिपके असतील तर भाव पाडूनच बोला. फोटो द्यायला टाळाटाळ झाली तर विषय संपला. कार्डं तपासून दर्जा देणाऱ्या पीएसए कंपनीच्या सीलबंद डबीतलं कार्ड असेल तर प्रमाणपत्र क्रमांक त्यांच्या संकेतस्थळावर तपासा. मात्र खरा क्रमांक खोट्या डबीवरही छापता येतो, तेव्हा तिथला फोटो उपलब्ध असेल तर कार्डाशी ताडून बघा.

भाव ठरवताना ईबेवर 'सोल्ड आयटम्स', म्हणजे प्रत्यक्ष विकली गेलेली कार्डं, बघा; मागितलेल्या किमतीला काही अर्थ नसतो. परदेशातून मागवताना टपालखर्च आणि कस्टम ड्युटी आधीच धरा. जुनी सुटी, न फोडलेली कार्डांची पाकिटं नकोतच. चमकदार कार्डाचं पाकीट किंचित जड भरतं, त्यामुळे जड पाकिटं आधीच काट्यावर निवडून काढलेली असू शकतात.

घेतल्यावर खरी परीक्षा खानदेशी हवेची. चमकदार कार्डात कागद ओलावा शोषतो, वरचा फॉइलचा थर शोषत नाही, म्हणून कार्ड वाकतं. मे महिन्यात दुपारी भुसावळला 45 अंशांची कोरडी झळ आणि रात्री खोलीत वॉटर कूलर, हा चढउतार कार्डाला सोसत नाही. गच्चीला लागून असलेल्या खोलीतलं लोखंडी कपाट टाळा, कूलरची खोलीही टाळा. आधी पॉलिप्रॉपिलीनची पातळ स्लीव्ह, मग टॉपलोडर (कडक प्लास्टिकचं कव्हर), मग घट्ट झाकणाचा डबा. पीव्हीसीची पाकिटं आणि रबरबँड नको. डब्यात छोटा आर्द्रतामापक ठेवा, काटा 40 ते 50 टक्क्यांत हवा. सिलिका जेल पावसाळ्यात घाला आणि दिवाळीनंतर काढा, नाहीतर अति कोरडं होऊन कार्ड उलट्या बाजूला वाकतं.