नव्या महानगरात शिक्षकाची नोकरी शोधताना: आधी नकाशा, मग अर्ज

शिक्षकाची नोकरी घंटेला बांधलेली असते. कार्यालयात दहा मिनिटं उशीर झाला तर कुणाचं फारसं अडत नाही. शाळेत मात्र त्या दहा मिनिटांत चाळीस मुलं शिक्षकाविना वर्गात बसलेली असतात आणि शेजारच्या वर्गातला शिक्षक दारात उभा राहून दोन वर्ग सांभाळत असतो. त्यामुळे मोठ्या शहरात आलेल्या शिक्षकाने घर, प्रवास आणि नोकरी हे तीन वेगळे प्रश्न समजू नयेत. तिन्ही एकाच नकाशावर मांडले की निम्मे निर्णय सोपे होतात. आधी घराचा लांब मुदतीचा करार, मग शंभर ठिकाणी अर्ज आणि शेवटी मिळेल ती शाळा, असा उलटा क्रम लागला तर वर्षाच्या आतच दमछाक होते.

पहिले दोन आठवडे

चार ते सहा आठवड्यांसाठी तात्पुरती जागा घ्या, भाडं महिन्यामहिन्याला द्यायचं ठरवा. खर्चाची तरतूद किमान चार महिन्यांची हवी. अर्ज, प्राथमिक निवड, डेमो (निवड करणाऱ्यांसमोर घेऊन दाखवायचा नमुना पाठ), कागदपत्रांची पडताळणी, रुजू होणं आणि मग पहिला पगार यात दहा-बारा आठवडे सहज जातात. महिन्याच्या मध्यावर रुजू झालात तर पगाराची यादी आधीच बंद झालेली असू शकते आणि पहिले पैसे पुढच्या महिन्याच्या अखेरीस हातात पडतात. ही गोष्ट ध्यानात नसली की माणूस घाईघाईत पहिली मिळेल ती नोकरी पत्करतो.

मग नकाशा घ्या आणि अंतर किलोमीटरमध्ये नव्हे, मिनिटांत मोजा. घराच्या दारापासून शाळेच्या फाटकापर्यंत एका बाजूने ४५ मिनिटं ही मर्यादा धरा. त्या वर्तुळात येणाऱ्या शाळांची यादी करा. मर्यादा इतकी कडक का, याचा हिशेब साधा आहे. रोज ४५ ऐवजी ९० मिनिटांचा प्रवास म्हणजे जाऊन-येऊन दीड तास जास्त, पाच दिवसांच्या आठवड्यात साडेसात तास. एका वर्गाच्या ४० वह्या, प्रत्येकी ३ मिनिटं, म्हणजे दोन तास. तीन वर्गांच्या वह्या तपासायला लागणारा सगळा वेळ प्रवास खाऊन टाकतो आणि मग वह्या रात्री अकरानंतर उघडल्या जातात.

ज्या शाळांचा गांभीर्याने विचार करणार आहात, तिथे एकदा खराखुरा प्रवास करून बघा. रविवारी नाही, कामाच्या दिवशी. घंटा साडेसातला असेल तर शिक्षकाला सात-दहाला पोहोचावं लागतं, म्हणून त्याच हिशेबाने निघा. तीन गोष्टी टिपा: दिवसाची पहिली गाडी किती वाजता सुटते, गाडी किती वेळा बदलावी लागते, आणि ती चुकली तर दुसरा मार्ग कोणता. एकापेक्षा जास्त वेळा गाडी बदलावी लागत असेल तर त्यांपैकी एखादी गाडी रोज कुठेतरी अडणारच असं गृहीत धरा. फोनवरचा नकाशा दुपारी दाखवतो ती मिनिटं सकाळी लागू पडत नाहीत.

भरतीचा हंगाम

शाळांचं वर्ष जगभर एकाच वेळी सुरू होत नाही. युरोप-अमेरिकेत ते ऑगस्ट-सप्टेंबरात सुरू होतं, जपानमध्ये एप्रिलमध्ये, दक्षिण कोरियात मार्चमध्ये, ऑस्ट्रेलियात जानेवारीच्या अखेरीस किंवा फेब्रुवारीत. तुमच्या शहरातलं वर्ष कधी सुरू होतं ते पाहून तिथून मागे मोजा. मोठी भरती साधारण तीन-चार महिने आधी चालते. दुसरी संधी वर्ष सुरू होण्याच्या आधीच्या दोन आठवड्यांत येते, कारण निवडलेल्यांपैकी कुणीतरी ऐनवेळी दुसरीकडे जातो. तिसरी वर्षाच्या मध्यात, प्रसूती रजा किंवा आजारपणाच्या जागेवर. नवख्या माणसाने या तिसऱ्या दाराकडे जास्त लक्ष द्यावं असं आमचं ठाम मत आहे. तिथे स्पर्धा कमी असते आणि शाळेला तुमचं काम प्रत्यक्ष बघायला मिळतं.

कागदपत्रं

अध्यापनाचा परवाना किंवा पात्रता अनेक देशांत प्रांतागणिक वेगळी असते. नव्या ठिकाणी तुमची पात्रता जशीच्या तशी चालते की नोंदणी करावी लागते, हे पहिल्याच आठवड्यात तपासा. मुलांसोबत काम करणाऱ्यांसाठी पोलीस पडताळणी लागते तिथे तो अर्ज सगळ्यात आधी टाका. तिला किती वेळ लागेल ते तुमच्या हातात नसतं. देश बदलला असेल तर पदवीवर अपॉस्टिल (कागद खरा असल्याचा सरकारी शिक्का) लागतं का ते बघा. १९६१ च्या हेग करारात सामील देशांमध्ये हा शिक्का मान्य होतो. करारात नसलेल्या देशासाठी दूतावासामार्फत साक्षांकन करावं लागतं.

सर्वात जास्त घोळ अनुभव प्रमाणपत्रात होतो. ‘यांनी आमच्या शाळेत शिक्षक म्हणून काम केले’ एवढ्या एका ओळीचा उपयोग नाही. त्यात पद, विषय, इयत्ता, कोणत्या तारखेपासून कोणत्या तारखेपर्यंत, पूर्णवेळ की तासिका तत्त्वावर, आणि आठवड्याचे तास असं सगळं हवं. जुनी शाळा सोडण्याआधीच ते करून घ्या, सुट्टी लागली की सही करणारं कुणी जागेवर नसतं. दुसरा नेहमीचा अडथळा नावाचा: पदवीवर एक नाव, ओळखपत्रावर लग्नानंतरचं दुसरं, प्रमाणपत्रावर फक्त आद्याक्षरं. तिघांना जोडणारा एक अधिकृत कागद फाइलमध्ये सगळ्यात वर ठेवा.

प्रत्येक कागद ३०० डीपीआयवर स्कॅन करा, पीडीएफ शक्यतो २ एमबीच्या आत ठेवा, आणि फाइलला ‘स्कॅन००१७’ नव्हे तर नाव-विषय-कागद असं नाव द्या. छायाप्रतींचे दोन संच सोबत असू द्यात. मूळ प्रमाणपत्रं दाखवायची आणि परत घ्यायची. ‘ठेवून जा’ म्हणणाऱ्या शाळेत रुजू होऊ नका.

बायोडेटा

दोन पानं पुरेत. पहिल्या चार ओळींत विषय, इयत्ता, अध्यापनाचं माध्यम, अभ्यासक्रम आणि कधीपासून रुजू होऊ शकता हे येऊ द्या. ‘कष्टाळू, मनमिळाऊ, मुलांची आवड’ हे प्रत्येकाच्याच बायोडेटात असतं, त्याने काही ठरत नाही. त्याऐवजी असं लिहा: ‘आठवी ते दहावी गणित, आठवड्याला २८ तास, वर्गात ४२ ते ४८ विद्यार्थी.’

लहान शाळेतून आलेले शिक्षक स्वतःचा सगळ्यात मोलाचा अनुभव संकोचाने लपवतात, याचं वाईट वाटतं. एका खोलीत तीन इयत्ता सांभाळणं हे फार अवघड कौशल्य आहे. ते असं लिहा: ‘एका खोलीत दुसरी, तिसरी, चौथी मिळून २६ मुलं. एका गटाला थेट शिकवताना उरलेल्या दोन गटांसाठी स्वयंअध्ययनाची कार्यपत्रकं तयार केली.’ शहरातल्या वर्गात एकाच इयत्तेची मुलं असली तरी त्यांची पातळी तीन-चार प्रकारची असते. हे वाक्य वाचणाऱ्या मुख्याध्यापकाला त्याचा अर्थ लगेच कळतो.

जाहिरातीतले शब्दही ओळखा. इंटरनॅशनल बॅकॅलॉरिएट या आंतरराष्ट्रीय अभ्यासक्रमाच्या शाळांत पीवायपी म्हणजे साधारण ३ ते १२ वर्षांची मुलं, एमवायपी ११ ते १६, डीपी १६ ते १९. जाहिरातीत ‘पीवायपी’ असेल आणि अर्जात दहावीच्या निकालाचाच उल्लेख असेल, तर तो अर्ज बाजूला पडतो.

अर्ज आणि शाळेची भेट

नकाशातल्या १५ शाळा निवडा. प्रत्येकीसाठी अर्जातले दोन-तीन परिच्छेद बदला. शंभर जागी तोच मजकूर पाठवलेला लगेच ओळखू येतो. अनोळखी व्यक्तीला आत येऊ देणारी शाळा असेल तर प्रत्यक्ष जा, पण परिपाठाच्या किंवा शाळा सुटण्याच्या वेळी नको. पहिल्या मधल्या सुट्टीनंतरचा तास बरा असतो. कार्यालयात तीनच गोष्टी विचारा: अर्ज कुणाच्या नावे द्यायचा, माझ्या विषयाची जागा कधी निघण्याची शक्यता आहे, आणि बदली शिक्षकांच्या यादीत नाव घालता येईल का.

वहीत प्रत्येक शाळेची एक ओळ ठेवा: तारीख, कुणाशी बोललो त्याचं पद, काय उत्तर मिळालं, पुढे काय. सात कामकाजाच्या दिवसांनी एकदा विचारणा करा, त्यानंतर तीन आठवड्यांनी. त्याहून जास्त नको.

डेमो

खरी निवड इथेच होते. बोलावणं आल्यावर पाच गोष्टी विचारून घ्या: इयत्ता, घटक, वेळ, समोर खरे विद्यार्थी असतील की शिक्षकच बसतील, आणि वर्गात कोणता फळा आहे. वेळ साधारण १५ ते २० मिनिटं मिळते. त्यात एकच संकल्पना बसते. संपूर्ण धडा कोंबायला गेलेला शिक्षक १८ मिनिटं स्वतःच बोलतो, आणि निरीक्षकांना मुलं शिकताना दिसतच नाहीत.

समजा घटक अपूर्णांकांचा आहे. प्रश्न एकच ठेवा: एक तृतीयांश मोठा की एक चतुर्थांश? बरीच मुलं चतुर्थांश म्हणतील, कारण चार तीनपेक्षा मोठा. हे चुकीचं उत्तर पुसू नका, फळ्याच्या कोपऱ्यात लिहून ठेवा. प्रत्येक जोडीला कागदाच्या दोन पट्ट्या द्या, दोन्ही बरोबर २४ सेंटिमीटर लांब. एकीवर ८ सेंटिमीटरच्या खुणा, दुसरीवर ६ सेंटिमीटरच्या, घरूनच करून आणलेल्या. खुणा नसतील तर तीन समान घड्या घालताना मुलांची पाच मिनिटं जातात आणि घड्या असमान पडतात. पट्ट्याच कमी-जास्त लांबीच्या असतील तर सगळा पाठ खोटा पडतो, कारण तुलना एकाच पूर्णाच्या भागांची असायला हवी. मुलं घड्या घालून एक-एक भाग शेजारी ठेवतील. मग कोपऱ्यातल्या उत्तराकडे परत या आणि विचारा, ‘आपण असं का म्हटलं होतं?’

मिनिटांची वाटणी अशी: प्रश्न आणि अंदाज ३, पट्ट्यांचं काम ८, चर्चा ५, शेवटी प्रत्येकाने वहीत सोडवायचं एक उदाहरण ३. वीसपैकी उरलेलं एक मिनिट हातचं ठेवा, कुठेतरी लागतंच.

प्रश्न विचारल्यावर थांबा. मेरी बड रो या अमेरिकन संशोधिकेने १९७० च्या दशकात दाखवून दिलं की शिक्षक प्रश्नानंतर सरासरी एखादा सेकंदच थांबतात. ही वेळ तीन सेकंदांपर्यंत वाढवली की मुलांची उत्तरं लांबतात आणि जास्त मुलं बोलतात. घाबरलेल्या शिक्षकाला तीन सेकंद फार मोठे वाटतात, म्हणून मनात मोजा.

महानगरातल्या वर्गात घरी वेगवेगळ्या भाषा बोलणारी मुलं असतात. सूचना छोट्या वाक्यात द्या, आणि ‘समजलं का?’ न विचारता एखाद्या मुलाला ‘आता आपण काय करायचं आहे?’ असं विचारा. फळ्यावरचं अक्षर शेवटच्या बाकावरून वाचता यायला हवं, पाच सेंटिमीटर उंचीचं धरा. स्वतःचे दोन मार्कर आणि खडू न्या. स्मार्ट बोर्ड सुरू झाला नाही तरी पाठ चालला पाहिजे, म्हणून पाठ कागदावर उभा करा आणि स्क्रीन जोडीला ठेवा.

हो म्हणण्याआधी

वर्गात किती मुलं, आठवड्याला किती तास, गैरहजर शिक्षकांचे तास वेगळे की त्यातच, सुट्टीतला पगार मिळतो का, परिवीक्षा (कायम होण्याआधीचा चाचणीचा काळ) किती महिन्यांची, नोकरी सोडताना किती दिवसांची सूचना द्यायची. या सगळ्याची उत्तरं लेखी घ्या. नोकरी लावण्यासाठी पैसे मागणाऱ्याला एक पैसाही देऊ नका, मग त्याला अनामत म्हणोत की प्रशिक्षण शुल्क.

मधले दिवस

उत्तराची वाट बघण्यात दिवस गेला की शहर अंगावर येतं. सकाळ अर्ज आणि भेटींसाठी राखा. बदली शिक्षकाचं काम मिळालं तर ते सोडू नका. शिकवण्या घेणार असाल तर दुपारी चारनंतर आणि चालत जाता येईल अशाच अंतरावर, नाहीतर पैसे आणि ताकद दोन्ही प्रवासात जातात. आठवड्यातला एक दिवस अर्जांना हात लावायचा नाही. त्या दिवशी सार्वजनिक वाचनालयात नाव नोंदवा, परिसर पायी फिरा. पुढे वर्गात मुलं ज्या चौकांची, रस्त्यांची नावं घेतील ती तुम्हाला माहीत असली तर बोलणं लवकर जुळतं. दोन माणसं हवीत: एक त्याच शहरात शिकवणारं, जे कुठली शाळा कशी हे खरं सांगेल, आणि एक शिक्षणक्षेत्राबाहेरचं, ज्याच्याशी नोकरी सोडून इतर काही बोलता येईल.

घर सगळ्यात शेवटी

नियुक्तिपत्र हातात आल्यावरच लांब मुदतीचा करार करा, आणि सही करण्याआधी त्या घरापासून शाळेपर्यंत सकाळी एकदा जाऊन या. घर बघताना शिक्षकाच्या गरजेच्या तीन गोष्टी तपासा. पहाटे साडेपाचला पाणी असतं का. दोन वर्गांच्या वह्या पसरता येतील एवढं टेबल मावतं का, आणि त्यावर रात्री नीट उजेड पडतो का. आणि दुपारी, दिवसभर बोलून घसा बसल्यावर, तासभर शांत पडता येईल इतकी शेजारी शांतता आहे का. तिसरी गोष्ट दुपारीच जाऊन बघावी लागते, संध्याकाळच्या भेटीत ती कळत नाही.