मासेवाली गुप्तहेर: कोकणातली विनोदी रहस्यकादंबरी कशी लिहावी

बहुतेक नवे लेखक आधी नायिका रंगवतात आणि मग तिच्यासाठी खून शोधत बसतात. क्रम उलटा ठेवा. आधी एका पानावर फक्त गुन्हा लिहा: कोणी, कोणाला, कुठे, किती वाजता, कशासाठी आणि कोणती एक चूक करून. ते पान पक्कं झाल्याशिवाय पहिल्या प्रकरणाला हात लावू नका. पन्नास हजार शब्दांना पाच संशयित पुरतात. त्याहून जास्त झाले की वाचकाचा नावांत गोंधळ होतो, आणि कोकणात तर अख्ख्या वाडीचं आडनाव एकच असतं.

आता नायिका. तिला प्रत्येक दारात जायचं कारण हवं आणि लोक ज्याला हसतात असं एखादं ज्ञान हवं. मालवण-वेंगुर्ल्याकडची मासे विकणारी बाई घ्या. डोक्यावर पाटी, सगळी खळी, म्हणजे घरापुढची अंगणं, पायाखालची, उधारी तोंडपाठ. कोणाच्या घरी अचानक सुरमई शिजायला लागली, कोणाची तीन महिन्यांची बाकी एका सकाळी फिटली, हे तिला सगळ्यांच्या आधी कळतं. मात्र हे ज्ञान नुसतं वातावरणासाठी खर्चू नका. गुन्हा त्यानेच सुटला पाहिजे आणि हसूही त्यातूनच आलं पाहिजे. विनोद एकीकडे आणि तपास दुसरीकडे अशी कादंबरी चाळिसाव्या पानावर दमते.

हे कसं जमवायचं ते एका धाग्यावर पाहू. गणेश चतुर्थीची रात्र. संशयित सांगतो, 'नऊ वाजता होडीने खाडी ओलांडली, धक्क्याला उतरलो आणि तसाच आरतीला आलो.' अंगात पांढराशुभ्र लेंगा-झब्बा, अख्ख्या वाडीने पाहिलेला. किनाऱ्यावरचा जुना हिशोब असा की तिथीची पाऊणपट केली की भरतीची अंदाजे वेळ मिळते: चारची पाऊणपट तीन. म्हणजे चतुर्थीला भरती तीनच्या सुमारास आणि ओहोटी नऊच्या सुमारास. लहान खाडीत त्या वेळी होडी धक्क्याला लागतच नाही. गुडघाभर चिखल तुडवावा लागतो. लेंगा पांढरा राहिला, तर माणूस होडीने आलाच नाही.

हा पुरावा सरळ मांडलात तर लगेच उघडा पडेल. म्हणून दुसऱ्या दिवशी बाईला सुनेच्या चपलेवरून भांडू द्या. 'नवी चप्पल, दोनशे रुपयांची! रात्री धक्क्याखाली चिखलात गेली ती गेली!' ती काठीने गाळ ढवळतेय, पोरं हसतायत, सून रडकुंडीला आलीय. वाचक चपलेत गुंततो आणि चिखल त्याच्या नजरेसमोरून नकळत निघून जातो. लेंगा त्याआधी किमान दोन प्रकरणं येऊ द्या. दोन्ही एकाच पानावर आले की डाव फसला. वर्ष ठरवलं असेल तर त्या तारखेची भरतीची छापील वेळ तपासा, कारण पाऊणपटीचा हिशोब स्थूल आहे आणि प्रत्येक खाडीत थोडा सरकतो.

स्थानिक वाचकाला काय आधीच ठाऊक आहे, याचं भान ठेवा. 1 जून ते 31 जुलै यांत्रिक मासेमारी बंद असते. जुलैत 'मी ट्रॉलरवर होतो' म्हणणारा खोटारडा आहे हे देवगडच्या शाळकरी मुलालाही कळेल. तो मुख्य पुरावा करू नका. पहिल्या पन्नास पानांत एखादी किरकोळ थाप पकडायला वापरा.

हेतू बहुधा जमिनीचाच सुचतो, आणि इथेच सर्वांत जास्त कथा कोसळतात. सातबाऱ्यावरच्या एका सहहिस्सेदाराला मारून मारेकऱ्याला हिस्सा मिळत नाही; मृताच्या वारसांची नोंद होते आणि नावं उलट वाढतात. त्यामुळे खून जमीन मिळवण्यासाठी दाखवू नका. तो काहीतरी लपवण्यासाठी होऊ द्या. मुंबईच्या काकांच्या नावाने खोटं हक्कसोडपत्र, म्हणजे जमिनीतला हिस्सा सोडल्याचा कागद, झालंय आणि काका गणपतीला गावी येतायत, हा हेतू टिकतो. शिवाय चाकरमान्यांच्या गर्दीत संशयित आपोआप जमतात.

पोलिसांना मूर्ख करू नका. ते हुशार असले तरच बाईच्या शोधाला किंमत येते. 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 179 प्रमाणे महिला साक्षीदाराला चौकशीसाठी पोलीस ठाण्यात येण्याची सक्ती करता येत नाही. पोलिसांनी तिच्या घरी जायचं. जुन्या कायद्यातही हे होतंच. विनोदासाठी याहून चांगली सोय नाही. फौजदार खळ्यात बाकावर, समोर बाई विळीवर बांगडे कापतेय, मांजर त्यांच्या बुटाशी, आणि जबाब नोंदवायला आलेला माणूसच प्रश्नांची उत्तरं देतोय. गावचा पोलीस पाटील विसरू नका. संशयास्पद मृत्यूची पहिली खबर सहसा तोच देतो.

मालवणी संवादात ठेवा, निवेदन प्रमाण मराठीत. 'खंय होतंस रे झिला?' एवढं कोणालाही कळतं. मालवणी फक्त गड्याच्या आणि भांडखोर बायकांच्या तोंडी घातलीत तर भाषेचीच चेष्टा होते, म्हणून वकिलालाही घरी मालवणीच बोलू द्या. प्रेताभोवती विनोद नको. मृताच्या घरी बाई गप्प बसली, तर तिची पुढची बडबड जास्त खरी वाटते.

मसुदा झाला की उलगड्याच्या आधीपर्यंतची प्रकरणं दोघांना द्या, एक किनाऱ्यावरचा आणि एक घाटावरचा. दोघांनी चिठ्ठीवर मारेकऱ्याचं नाव लिहायचं. दोघांचंही बरोबर आलं तर लेंग्याची वाक्यं कमी करा. दोघांचंही चुकलं तर उलगडा वाचून दाखवा आणि चप्पल आठवते का, ते विचारा. आठवत नसेल तर चपलेचं भांडण आणखी अर्धं पान वाढवा.