जोडीदाराने जर्मनीत नोकरी बदलली? फॅमिली रियुनियन व्हिसाचा अर्ज असा करा

जर्मनीतल्या जोडीदाराने नोकरी बदलली की इकडे भारतात पहिली धावपळ सुरू होते ती फॅमिली रियुनियन व्हिसाच्या, म्हणजे जोडीदाराकडे राहायला जाण्याच्या व्हिसाच्या, अपॉइंटमेंटची. माझा सल्ला: जरा थांबा. आधी तिकडचे कागद जागेवर येऊ द्या.

अर्ज तुम्ही मुंबईच्या जर्मन वाणिज्य दूतावासाकडे करता, पण तुमची फाइल जोडीदार राहतो त्या शहरातल्या परदेशी नागरिक कार्यालयाकडेही जाते. त्याला तिकडे आउसलेंडरबेहोर्डे म्हणतात. त्यांच्या नोंदीत जुनी कंपनी आणि तुमच्या अर्जात नवी, असं झालं की विचारणा येते आणि आठवडे वाया जातात.

म्हणून सुरुवात जोडीदाराच्या परवान्यापासून करा. ब्लू कार्ड (उच्चशिक्षित परदेशी कर्मचाऱ्यांना मिळणारा राहण्याचा आणि कामाचा परवाना) असेल तर नोव्हेंबर २०२३ पासून नोकरी बदलायला आधी परवानगी लागत नाही. मात्र नोकरीचे पहिले बारा महिने पूर्ण झाले नसतील तर कार्यालय हा बदल ३० दिवस रोखून तपासू शकतं आणि अटी बसत नसतील तर नाकारूही शकतं. त्यामुळे बदल लेखी कळवायचा आणि त्या ईमेलची प्रत जपून ठेवायची. जुनी नोकरी मुदतीआधी संपली असेल तर ते कळवायला कायद्याने दोनच आठवडे मिळतात. ब्लू कार्डाऐवजी साधा कामाचा परवाना असेल, तर त्यासोबत मिळालेला जोडकागद काढून वाचा. त्यावर जुन्या कंपनीचं नाव असेल तर नव्या ठिकाणी रुजू होण्याआधीच परवानगी घ्यावी लागते. ती हातात येईपर्यंत तुमचा अर्ज पुढे ढकलणंच शहाणपणाचं.

पगाराची किमान मर्यादाही पाहून घ्या. ती दरवर्षी बदलते. २०२५ साली ब्लू कार्डासाठी ती वर्षाला ४८,३०० युरो होती, तर मनुष्यबळाचा तुटवडा असलेल्या पेशांसाठी ४३,७५९.८० युरो. कार्ड मिळालं त्या वर्षीचा आकडा धरून बसू नका.

खरी अडचण पगाराच्या पावत्यांची. साधारणपणे शेवटच्या तीन मागतात आणि नव्या कंपनीची जेमतेम एक हातात असते. अशा वेळी नवा करार, नव्या नोकरीच्या असतील तेवढ्या पावत्या आणि जुन्या नोकरीच्या शेवटच्या पावत्या एकत्र लावा. सोबत नव्या कंपनीच्या एचआरकडून एक पत्र घ्या: नोकरी अमुक तारखेपासून चालू आहे, कायम स्वरूपाची आहे आणि कोणत्याही बाजूने नोटीस दिलेली नाही. प्रोबेशन सहा महिन्यांपर्यंत असू शकतं आणि त्या काळात दोन आठवड्यांच्या नोटिशीवर नोकरी जाऊ शकते, म्हणून अधिकाऱ्याला या पत्राने धीर येतो. प्रोबेशन आहे एवढ्यावरून अर्ज करायला बंदी नाही, हेही लक्षात असू द्या. मधे काही दिवस खंड पडला असेल तर लपवू नका. कव्हर लेटरमध्ये दोन्ही तारखा सरळ लिहा.

नोकरीबरोबर शहरही बदललं असेल तर जोडीदाराने नव्या घरात गेल्यापासून दोन आठवड्यांत पत्त्याची नोंदणी करायची. त्याची फाइल जुन्या शहरातून नव्या शहराच्या कार्यालयात जायला वेळ लागतो. अर्जात मात्र नवाच पत्ता द्या.

आता तुमचे कागद. लग्नाची पत्रिका आणि फोटो पुरत नाहीत, नोंदणीचं प्रमाणपत्र हवं. ते फक्त मराठीत असेल तर भाषांतर करून घ्या. लग्नानंतर नाव बदलायचं म्हणून ऐन अर्जाच्या वेळी नवा पासपोर्ट काढायला जाऊ नका, माहेरच्या नावाच्या पासपोर्टवरही व्हिसा मिळतो. ब्लू कार्डधारकाच्या जोडीदाराला ए१, म्हणजे अगदी प्राथमिक पातळीच्या जर्मन भाषेचं प्रमाणपत्र लागत नाही. पण नव्या नोकरीमुळे परवान्याचा प्रकारच बदलला असेल तर ही सूट अजून लागू आहे का, ते आधी पाहा.

जानेवारी २०२५ पासून अर्ज जर्मन परराष्ट्र खात्याच्या कॉन्सुलर सर्व्हिसेस पोर्टल या संकेतस्थळावर ऑनलाइन भरता येतो. मूळ कागद दाखवायला आणि बोटांचे ठसे द्यायला मात्र प्रत्यक्ष जावंच लागतं. प्रौढांसाठी फी ७५ युरो, भरायची रुपयांत.

आणि अर्ज आधीच दिला असेल, नोकरी नंतर बदलली तर? अर्ज मागे घेऊन नव्याने भरायची घाई करू नका. अर्ज क्रमांक टाकून नवा करार आणि एचआरचं पत्र दूतावासाला पाठवा, जोडीदाराने तेच कागद त्याच दिवशी तिकडच्या कार्यालयाला पाठवावेत. दोन्हीकडे तारखा आणि पगार तंतोतंत जुळले पाहिजेत.

व्हिसावर जर्मनीत पोहोचल्यानंतर तुम्हालाही पत्त्याची नोंदणी करून राहण्याचा परवाना काढावा लागतो. त्या भेटीला जाताना जोडीदाराच्या अगदी ताज्या पावत्या न्या. तोवर बहुधा तिन्ही नव्या कंपनीच्याच असतील.