हातचा चुकतो तेव्हा: काड्यांची वजाबाकी

५२ − २७ चं उत्तर मूल ३५ लिहितं, कारण २ मधून ७ जात नाहीत म्हणून ते सरळ ७ मधून २ काढतं. अशा वेळी नियम घोकून घेऊ नका. बेळगाव-खानापूरकडे घरोघरी खराटा असतोच; त्याच्या बोटभर साठ काड्या तोडा, दहा-दहाच्या जुड्या रबराने बांधा. पाच जुड्या, दोन सुट्या मांडा आणि सत्तावीस मागा. सात सुट्या निघत नाहीत हे मुलालाच दिसू द्या. जुडी त्यानेच सोडायची, आपण हात लावायचा नाही! आता जुड्या चार, सुट्या बारा, उरतात २५. मगच वहीत ५ खोडून ४, २ च्या जागी १२. पुढे १०२ − २७ ला शून्यापाशी अडतं. तिथे आणखी काड्या तोडून दहा जुड्यांचा शंभराचा गठ्ठा बांधा; तो आधी दहा जुड्यांत सोडवा, मग एक जुडी सुटी करा.