एआयला ताजं डॉक्युमेंटेशन देताय? आधी लॉकफाइल उघडा, आणि या चुका टाळा

'हा जुनाच कोड लिहून देतो' ही एआय असिस्टंटबद्दलची तक्रार आता इतकी कानावर पडते की ऐकणारा नुसती मान हलवतो. तक्रार खरी आहे. मॉडेलचं शिक्षण एका तारखेला थांबतं आणि त्यानंतर आलेलं व्हर्जन त्याच्या गावीही नसतं. पण त्या तारखेच्या आधीचंही सगळं त्याला सारखंच पक्कं असतं असं नाही, याकडे फार कुणी लक्ष देत नाही. पांडाज या पायथॉनच्या डेटा लायब्ररीचं २.० एप्रिल २०२३ मध्ये आलं आणि त्यात डेटाफ्रेमवरचं 'अपेंड' काढून टाकलं. त्याआधी वर्षानुवर्षं लोकांनी अपेंड वापरून लिहिलेली उत्तरं, ट्युटोरियल्स आणि नोटबुकं इंटरनेटवर इतकी साठली आहेत, की त्याच्या जागी वापरायचं 'कॉनकॅट' माहीत असूनही मॉडेलचा हात जुन्याकडेच वळतो. जुन्या अभ्यासक्रमाचं गाईड पाठ करून नव्या पेपरला बसलेलं पोरच ते.

म्हणून त्याला डॉक्युमेंटेशन द्यायचं, इथवर कुणाचं दुमत नाही. साधनंही भरपूर झाली आहेत. अँथ्रॉपिकनं नोव्हेंबर २०२४ मध्ये एमसीपी, म्हणजे असिस्टंटला बाहेरची साधनं जोडायची एक ठरलेली पद्धत, आणली, त्यावर अपस्टॅशच्या कॉन्टेक्स्ट७ सारखे डॉक्युमेंटेशन आणून देणारे सर्व्हर उभे राहिले. कर्सर या एआय कोड एडिटरमध्ये डॉक्युमेंटेशन जोडायची सोय आहे, आणि बहुतेक असिस्टंट दिलेलं वेबपान स्वतः उघडून वाचतात. पाच मिनिटांत सगळं जोडून होतं. हे पाच मिनिटांत होतं, हीच अडचण आहे. जोडणारा त्या पाच मिनिटांनंतर विचार करणं थांबवतो.

'ताजं' आणि 'आपलं' यातला फरक न कळणं

ही माझी सगळ्यात नावडती चूक, म्हणून हिच्यावर जास्त बोलणार.

एका ऑर्डर घेणाऱ्या एपीआयचं काम आमच्याकडे होतं. फास्टएपीआय (पायथॉनचं वेब फ्रेमवर्क) आणि पायडँटिक १.१० (आलेला डेटा तपासणारी लायब्ररी). टीममध्ये नव्यानं आलेल्या मुलाला एका मॉडेलमध्ये दोन फील्ड वाढवायची होती, बस्स. त्यानं उत्साहानं डॉक्युमेंटेशन आणणारा सर्व्हर जोडला. सर्व्हरनं चोख काम केलं: पायडँटिकचं सगळ्यात नवं डॉक्युमेंटेशन, म्हणजे जून २०२३ मध्ये आलेल्या व्हर्जन २ नंतरचं, आणून असिस्टंटच्या पुढ्यात ठेवलं. असिस्टंटनं ते वाचलं, आमच्या कोडमधलं 'डिक्ट' पाहिलं आणि 'हे जुनं झालं' म्हणत सगळीकडे 'मॉडेल_डम्प' करून टाकलं. 'व्हॅलिडेटर'चं 'फील्ड_व्हॅलिडेटर' झालं. साहजिकच टेस्ट पडल्या, कारण १.१० मध्ये या गोष्टी नाहीतच. आता इथे माणूस थांबला असता. असिस्टंटनं एरर वाचली आणि त्याच्या दृष्टीनं अगदी तर्कशुद्ध उपाय केला: पायडँटिकच व्हर्जन २ वर नेलं. टेस्ट हिरव्या झाल्या. पोरगं खूष.

मग प्रॉडक्शनमध्ये ४२२ चा, म्हणजे 'पाठवलेला डेटा चालत नाही' या एररचा, पाऊस सुरू झाला.

कारणं दोन. पहिलं, व्हर्जन १ मध्ये एखादं फील्ड 'ऑप्शनल' लिहिलं आणि डीफॉल्ट दिलं नाही, तर न पाठवलेल्या फील्डमध्ये गुपचूप 'नन' (रिकामी किंमत) भरलं जायचं. व्हर्जन २ मध्ये तेच फील्ड सक्तीचं होतं: 'नन' चालेल, पण पाठवायला हवं. दुसरं, व्हर्जन १ मध्ये मजकुराच्या फील्डमध्ये आकडा आला तर त्याचा मजकूर करून घेतला जायचा. व्हर्जन २ मुळात तसं करत नाही, त्यासाठी वेगळं सेटिंग लावावं लागतं. आमच्या मोबाइल ॲपची जुनी आवृत्ती पिनकोड आकडा म्हणून पाठवत होती. अवतरणचिन्हांशिवायचा ४११०३८ आला की ऑर्डर नाकारली. टेस्टमध्ये मात्र पिनकोड नीट अवतरणचिन्हांत आणि एकूण एक फील्ड भरलेलं, त्यामुळे तिथे काहीच दिसलं नाही.

यात असिस्टंटनं काहीही मनानं रचलेलं नव्हतं. वाचलेलं प्रत्येक पान खरं होतं. फक्त ते आमच्या प्रोजेक्टचं नव्हतं. पायडँटिक १.१० चं डॉक्युमेंटेशन त्यांच्याच साइटवर वेगळं ठेवलेलं आहे. ते दिलं असतं तर दोन फील्डचं काम दोन फील्डमध्येच संपलं असतं.

माझी सवय साधी आहे. असिस्टंटला पहिलं काम कोडचं देत नाही. 'लॉकफाइल उघड, या कामाला लागणाऱ्या लायब्ररींची बसवलेली व्हर्जन्स सांग, आणि त्याच व्हर्जनचं डॉक्युमेंटेशन वाच.' लॉकफाइलच, पॅकेजांची यादी नव्हे. यादीत 'अमुक किंवा त्याहून नवं' असं मोघम लिहिलेलं असतं, प्रत्यक्षात काय बसलंय ते लॉकफाइलच सांगते. आणि दुसरं वाक्य: 'मला न विचारता कुठलंही पॅकेज वर-खाली करायचं नाही.' हे दुसरं वाक्य लिहायचा ज्यांना कंटाळा येतो, त्यांच्या पुल रिक्वेस्टमध्ये मी आधी लॉकफाइलमधला बदल बघतो आणि मग बाकीचं.

व्हर्जन खरंच वर न्यायचं असेल तर ते वेगळं काम, वेगळी ब्रँच. तिथे ताजं डॉक्युमेंटेशन द्या, पण त्यातलं मायग्रेशन गाईड, म्हणजे जुन्यावरून नव्यावर कसं जायचं ते सांगणारं पान, आधी. ऑप्शनलची वरची भानगड पायडँटिकच्या मायग्रेशन गाईडमध्ये स्वच्छ लिहिलेली आहे. नेहमीच्या पानांवर नव्या पद्धतीचंच वर्णन असतं, 'पूर्वी असं होतं, आता तसं नाही' हे तिथे सापडेलच असं नाही.

सर्व्हर जोडला म्हणजे वाचलं असं समजणं

ही दुसरी. जोडणीच्या यादीत हिरवा ठिपका दिसला की लोक निर्धास्त होतात. पण टूल हाताशी असणं आणि ते वापरणं यात अंतर आहे. टूल कधी वापरायचं हे मॉडेल ठरवतं, आणि ज्या विषयात त्याला स्वतःबद्दल खात्री वाटते तिथे ते सरळ आठवणीतून लिहून मोकळं होतं. म्हणजे नेमकं जिथे डॉक्युमेंटेशनची गरज सगळ्यात जास्त, त्या लोकप्रिय लायब्ररींच्या बाबतीतच ते उघडलं जात नाही. एखादी आडवळणाची लायब्ररी असेल तर बिचारं निमूटपणे वाचतं.

मी काय करतो, तर आधी एक खोचक प्रश्न टाकतो, ज्याचं उत्तर जुन्या आणि नव्यात वेगळं आहे. टेलविंड या सीएसएस फ्रेमवर्कचं उदाहरण घ्या. जानेवारी २०२५ मध्ये आलेल्या व्हर्जन ४ मध्ये आपला रंग सीएसएस फाइलमध्येच 'थीम' ब्लॉकमध्ये लिहायचा असतो. 'माझ्या प्रोजेक्टमध्ये एक नवा रंग वाढव' असं सांगितल्यावर असिस्टंट नवी कोरी टेलविंड कॉन्फिगची जावास्क्रिप्ट फाइल बनवायला लागला, तर समजा की त्यानं काहीही वाचलेलं नाही. तशी फाइल व्हर्जन ४ मध्ये वेगळी ओळ लिहून जोडता येते, पण आपोआप उचलली जात नाही. त्यामुळे रंग दिसतच नाही आणि नवशिका अर्धा दिवस ब्राउझरची कॅश साफ करत बसतो. नेक्स्ट १५ (जावास्क्रिप्टच्या वेब फ्रेमवर्कचं व्हर्जन) साठी कुकीज किंवा रूटचे पॅराम्स वाचायला सांगा. आधी 'अवेट' लावला नाही, तर तेच निदान.

शिवाय असिस्टंटनं कोणतं टूल कधी बोलावलं याची नोंद संवादात दिसते. ती उघडा. एक बारीक बाण दाबायचा असतो, तेवढाही त्रास लोक घेत नाहीत आणि मग मला स्क्रीनशॉट पाठवतात. 'डॉक्युमेंटेशनप्रमाणे' असं उत्तरात लिहिलं म्हणजे डॉक्युमेंटेशन उघडलं असं होत नाही. कोणत्या पानावर काय लिहिलंय ते त्याच्याकडून मागून घ्या आणि एकदा स्वतः ते पान बघा.

सगळंच ओतणं

आन्सर डॉट एआयचे जेरेमी हॉवर्ड यांनी सप्टेंबर २०२४ मध्ये 'एलएलएम्स डॉट टीएक्सटी' ही कल्पना मांडली: साइटच्या मुळाशी एक साधी मार्कडाउन फाइल, त्यात महत्त्वाच्या पानांचे दुवे आणि एकेक ओळीची ओळख. कल्पना अनुक्रमणिकेची आहे. पुढे काही साइट्सनी सगळा मजकूर एकाच फाइलमध्ये भरलेली 'फुल' आवृत्तीही द्यायला सुरुवात केली, आणि आपली मंडळी नेमकी तीच उचलून चॅटमध्ये चिकटवतात. का, तर एकदाच काम होतं.

होत नाही. कॉन्टेक्स्ट, म्हणजे मॉडेल एका वेळी बघू शकतं तेवढी जागा, भरतो, बिल वाढतं, आणि लांबलचक मजकुराच्या मधोमध असलेली माहिती मॉडेलकडून निसटते, हे २०२३ पासूनच्या अभ्यासांत दिसलेलं आहे. तुमच्या कामाचं एक पान त्या ढिगात कुठेतरी मध्येच असतं. मी अनुक्रमणिका देतो, तीन-चार पानं निवडायला लावतो आणि तेवढीच वाचायला सांगतो.

त्याहून सोपा एक मार्ग आहे आणि तो कुणीच वापरत नाही, बहुधा त्यात नवं काही जोडायचं नसतं म्हणून. लायब्ररी तुमच्या मशीनवर बसलेली आहेच. नोड मॉड्यूल्समध्ये टाइपस्क्रिप्टच्या टाइप फाइली आहेत, पायथॉनच्या साइट-पॅकेजेसमध्ये बहुतेक सोर्स आहे, गो वापरत असाल तर 'गो डॉक' आहे. फंक्शनला कोणती आर्ग्युमेंट लागतात याचं उत्तर तिथे मिळतं, तेही नेमकं तुमच्या व्हर्जनचं, इंटरनेटशिवाय. ते फंक्शन का आणि कधी वापरायचं हे तिथे कळत नाही, त्यासाठी पानं लागतात. मी दोन्ही देतो, पण फंक्शनची आर्ग्युमेंट तपासायची असतील तर आधी घरातली फाइल.

बाकीच्या चुका, भराभर

प्रॉम्प्टमध्ये 'लेटेस्ट पद्धत वापर' असं लिहिणं. मॉडेलला जे शेवटचं माहीत आहे तेच त्याच्यासाठी लेटेस्ट.

अधिकृत पान सोडून कुणाचातरी ब्लॉग देणं. तारीख ताजी आणि आत कोड जुना, असे लेख आता ढिगानं आहेत, त्यातले बरेचसे एआयनंच लिहिलेले.

असिस्टंटनं सुचवलेलं पॅकेज न बघता बसवणं. अस्तित्वात नसलेली नावं तो सहज सुचवतो, आणि तशी नावं हेरून त्यांवर घातक पॅकेज टाकून ठेवणारे लोक आहेत. पॅकेजांच्या रजिस्ट्रीवर (जिथून ती उतरवली जातात) जाऊन नाव, मालक आणि रिपॉझिटरी बघायला अर्धं मिनिट लागतं.

बाहेरच्या पानाला आंधळेपणानं आत घेणं. आणलेल्या मजकुरात मॉडेलसाठी लपवलेली सूचना असू शकते. पान वाचायची परवानगी द्या, पण त्याच दमात न विचारता कमांड चालवायची देऊ नका. आणि एमसीपी सर्व्हर कुणी लिहिलाय हे न बघता जोडणाऱ्यांशी मी वाद घालणं सोडून दिलंय.

नियमांच्या फाइलमध्ये व्हर्जन हातानं लिहिणं. 'एजंट्स डॉट एमडी' किंवा 'क्लॉड डॉट एमडी'मध्ये कुणीतरी 'आपण नेक्स्ट १४ वापरतो' असं लिहून ठेवतं, प्रोजेक्ट १५ वर जातो, ओळ तशीच राहते. तिथे आकडा लिहूच नका, लॉकफाइल वाचायला सांगणारी ओळ लिहा.

आणि घरच्या लायब्ररीचं काय

कंपनीत बनलेल्या लायब्ररीचं डॉक्युमेंटेशन अशा सार्वजनिक सर्व्हरवर नसतं. असते ती एक रीडमी, सोडून गेलेल्या माणसानं लिहिलेली, निम्मी उदाहरणं आता न चालणारी. लोक तीच असिस्टंटला देतात, आणि तो ती प्रमाण मानून चालतो. इथे मी रीडमी देतच नाही. त्या लायब्ररीच्या चालू टेस्ट देतो आणि ती नीट वापरणाऱ्या दोन-तीन जागा दाखवतो. टेस्ट चालतात, म्हणजे निदान त्यातला कोड आजच्या व्हर्जनचा आहे. टेस्टच नसतील तर आधी असिस्टंटकडून त्या लिहून घ्या, चालवून बघा, आणि ज्या पडतील त्या लायब्ररी सांभाळणाऱ्याकडे घेऊन जा.