रिव्हॉल्वर आणि काडतुसे : परवानाधारकांनी या चुका टाळाव्यात

सातारा जिल्ह्यात फौजेतून निवृत्त झालेल्यांची घरे गावोगावी आहेत. अपशिंगे गावाच्या नावाला तर ‘मिलिटरी’ हा शब्दच जोडला गेला आहे. त्यांपैकी कित्येकांकडे स्वसंरक्षणासाठी रिव्हॉल्वरचा परवाना असतो आणि शस्त्र बहुधा कानपूरच्या आयुध निर्माणीत तयार झालेले, सहा गोळ्यांचे, .३२ बोअरचे असते. शस्त्राला तेल लावणारे, ते मऊ कापडात गुंडाळून ठेवणारे पुष्कळ आहेत, पण काडतुसांकडे तेवढ्याच काळजीने पाहणारे फार थोडे आहेत. माझ्या पाहण्यातील बहुतेक बिघाडांचे मूळ रिव्हॉल्वरमध्ये नव्हते, काडतुसात होते.

माझ्या चुलत्यांनी आपली काडतुसे चामड्याच्या पट्ट्यातील खोबणींत ओळीने खोचून ठेवली होती. अकरा पावसाळ्यांनंतर आम्ही ती बाहेर काढली तेव्हा प्रत्येक पुंगळीच्या (काडतुसाच्या पितळी नळकांड्याच्या) कमरेला, जिथे चामडे घट्ट बसले होते तिथे, हिरवट मेणासारखा थर चढलेला होता आणि तो नखाने खरवडला की खाली पितळेला बारीक खड्डे दिसत होते. चामडे कमावताना वापरलेले क्षार आणि आम्ल त्यात राहून जातात. हवेतला ओलावा मिळाला की ते पितळ खाऊ लागतात. महाबळेश्वर, पाटण, जावळी या भागांत जून ते सप्टेंबर भिंतींनाही बुरशी येते, तिथे चामड्यात ठेवलेल्या काडतुसाची गत वेगळी होणार नाही. म्हणून पट्टा आणि होल्स्टर बाहेर जाताना वापरावेत, साठवणीसाठी नव्हे. काडतुसे त्यांच्या मूळ खोक्यात, ते खोके घट्ट झाकणाच्या डब्यात, डब्यात ओलावा शोषणाऱ्या सिलिका जेलच्या पुड्या, आणि तो डबा रिव्हॉल्वरपासून वेगळ्या कुलपात, अशी व्यवस्था पुरेशी आहे. खोक्यावरचा लॉट क्रमांक, म्हणजे एकाच खेपेत तयार झालेल्या काडतुसांचा क्रमांक, जपून ठेवावा, कारण पुढे एखादे काडतूस दगा देऊ लागले तर बाकीची कोणती बाजूला काढायची हे त्यावरूनच कळते.

हिरवी पडलेली काडतुसे घासून चकचकीत करणे ही त्यापुढची चूक आहे. वरचा थर निघतो, पण आत गेलेले खड्डे बुजत नाहीत आणि पातळ झालेली पुंगळी दाबाखाली फाटू शकते. त्याचप्रमाणे काडतुसांना गंज लागू नये म्हणून तेलाचा हात फिरवणारेही आहेत. झिरपणारे पातळ तेल बुडाच्या प्रायमरभोवतीच्या (घोड्याच्या माराने ठिणगी देणाऱ्या टोपीभोवतीच्या) फटीतून आत शिरते आणि प्रायमर निकामी करते. रिव्हॉल्वरला तेल लावल्यावर चेंबर (फिरत्या सिलिंडरमधील काडतुसांची घरे) कोरड्या कापडाने पुसून मगच त्यात काडतुसे भरावीत, एवढा नियम पाळला तरी निम्मे मिसफायर, म्हणजे चाप ओढूनही गोळी न सुटण्याचे प्रकार, टळतील असे माझे मत आहे.

चाप ओढला, घोडा पडला, ‘टक’ असा आवाज आला आणि गोळी सुटली नाही, अशा वेळी माणूस काय करतो? तो पुन्हा चाप ओढतो. त्या पट्ट्यातील काडतुसे घेऊन मी रेंजवर गेलो होतो तेव्हा मीही तेच केले होते, आणि शेजारी उभ्या असलेल्या प्रशिक्षकांनी माझे मनगट जागच्या जागी धरले. प्रायमर ओलसर असेल तर ठिणगी दारूपर्यंत पोहोचायला क्षणभर, कधी त्याहून जास्त वेळ लागतो. पिस्तुलात ते काडतूस निदान नळीच्या मागेच असते. रिव्हॉल्वरमध्ये मात्र दुसऱ्यांदा चाप ओढताच सिलिंडर फिरतो, ते उशिरा पेटणारे काडतूस नळीच्या रेषेतून बाजूला सरकते, आणि मग ते पेटले तर गोळीला पुढे रस्ताच नसतो. म्हणून नळी लक्ष्याच्या दिशेने रोखलेली ठेवून, बोट चापावरून काढून, निदान तीस सेकंद थांबावे. त्यानंतरच सिलिंडर उघडून ते काडतूस काढावे आणि प्रायमरवरची खूण पाहावी. खूण खोल असेल तर दोष काडतुसाचा आहे. उथळ असेल तर घोड्याची स्प्रिंग कमजोर झाली आहे किंवा फायरिंग पिनच्या वाटेत मळ साचला आहे असे समजून शस्त्र परवानाधारक कारागिराकडे न्यावे. दगा दिलेले काडतूस पुन्हा भरू नये, फोडून पाहू नये आणि कचऱ्यातही टाकू नये. ज्या विक्रेत्याकडून घेतले त्याच्याकडे किंवा पोलीस ठाण्यात लेखी नोंद करून द्यावे.

याहून फसवा प्रकार म्हणजे दबका आवाज. नेहमीच्या स्फोटाऐवजी फुसका आवाज आला, हाताला धक्का जाणवला नाही, तर गोळी नळीतच अडकलेली असण्याचा दाट संभव असतो. पुंगळीत दारू नसली तरी एकटा प्रायमर गोळीला नळीत ढकलण्याइतका दाब देतो, पण बाहेर काढण्याइतका देत नाही. त्यामागून दुसरी गोळी झाडली तर नळी फुगते किंवा फुटते. आवाज वेगळा वाटला की त्या दिवसाचा सराव तिथेच थांबवावा, शस्त्र रिकामे करावे आणि नळीतून प्रकाश आरपार दिसतो का ते पाहावे. नळीत सळई घालून घरी ठोकाठोक करू नये.

आता ज्या चुकीसाठी हा लेख मुख्यतः लिहायला घेतला, तिच्याकडे वळतो. अमेरिकेतील शौकीन रिकाम्या पुंगळ्यांत नवा प्रायमर, दारू आणि गोळी बसवून घरीच काडतुसे भरतात, शिकारीसाठी मॅग्नम (जास्त दाबाचा, जोरकस) आणि सरावासाठी सौम्य भरणा करतात, आणि त्याचे व्हिडिओ पाहून आपल्याकडचे काही तरुण, विशेषतः सांगली-मिरजेकडे लेथ मशीनवर हात बसलेले, ‘यात काय अवघड आहे’ असे विचारतात. अवघड काय आहे ते मॅग्नमच्या उदाहरणावरून स्पष्ट होते. १९३५ साली .३५७ मॅग्नम हे काडतूस .३८ स्पेशल या जुन्या काडतुसावरून तयार झाले. त्याची पुंगळी साधारण साडेतीन मिलिमीटरने लांब ठेवली गेली, आणि ती लांबी ठेवण्यामागचे मोठे कारण हे की नवे काडतूस जुन्या, कमी ताकदीच्या रिव्हॉल्वरमध्ये बसूच नये. .३८ स्पेशलची कमाल दाबमर्यादा प्रति चौरस इंच सुमारे १७,००० पौंड आहे आणि .३५७ मॅग्नमची ३५,०००; आपल्याकडच्या .३२ रिव्हॉल्वरमधील .३२ लाँग काडतुसाची तर १५,००० च. म्हणजे तोंडाशी जवळपास सारख्या दिसणाऱ्या .३८ स्पेशल आणि .३५७ मॅग्नम या दोन काडतुसांत दुपटीचा फरक आहे, आणि तो फरक डोळ्यांना दिसत नाही.

धूरविरहित दारू पुंगळीत अगदी थोडी जागा व्यापते, त्यामुळे चुकून दोनदा भरली गेली तरी ती वर येत नाही आणि वरून गोळी व्यवस्थित बसते. त्या काडतुसाने सिलिंडरचे तुकडे होतात आणि ते तुकडे झाडणाऱ्याच्या आणि शेजारच्याच्या चेहऱ्याकडे जातात. ‘मग कमीच भरू’ हाही उपाय नाही, कारण संथ जळणाऱ्या दारूचे काही प्रकार ठरावीक प्रमाणाखाली नीट पेटत नाहीत आणि गोळी नळीत अडकते. पुंगळीची कड गोळीभोवती पक्की आवळली नसेल तर पहिल्या दोन-तीन फैरींच्या धक्क्याने उरलेल्या काडतुसांतील गोळ्या पुढे सरकतात, सिलिंडरच्या तोंडाबाहेर डोकावतात आणि सिलिंडर फिरेनासा होतो. प्रायमर अर्ध्या मिलिमीटरने वर राहिला तरी तो सिलिंडरमागच्या पोलादी पट्टीला घासतो. अनुभवी लोकसुद्धा हे काम छापील कोष्टके आणि अचूक तराजू घेऊन, एका वेळी एकच जातीची दारू टेबलावर ठेवून करतात.

शिवाय हा प्रश्न केवळ कौशल्याचा नाही. शस्त्र अधिनियम, १९५९ नुसार काडतुसांचे भाग आणि ती बनवण्याची यंत्रेही ‘दारूगोळा’ या व्याख्येत येतात, आणि निर्मितीसाठी कलम ५ प्रमाणे स्वतंत्र परवाना लागतो. शस्त्र बाळगण्याचा परवाना हा काडतुसे बनवण्याचा परवाना नव्हे. २०१९ च्या दुरुस्तीनंतर बेकायदा निर्मितीला किमान सात वर्षांपासून जन्मठेपेपर्यंत शिक्षा आहे. काडतुसे भरण्यासाठी लेथवर डाय (साचा) कातून देणाऱ्या मित्रालाही हे सांगून ठेवावे.

शिकारीचे निमित्त तर इथे उरतच नाही. वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ ने शिकारीला बंदी घातली आहे, आणि कोयना-चांदोलीचा पट्टा २०१० पासून सह्याद्री व्याघ्र प्रकल्पात आहे. रानडुकरांनी भुईमूग उकरला, गव्यांनी ज्वारी तुडवली, हे शिराळा-पाटणच्या शेतकऱ्याचे खरे दुःख आहे आणि त्याबद्दल मला मनापासून वाटते. पण त्याची वाट वन विभागाकडे पंचनामा आणि नुकसानभरपाईचा अर्ज करण्याची आहे. वरातीत हवेत गोळी झाडण्याबद्दलही एका वाक्यात सांगतो : त्यासाठी आता दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही होऊ शकते, आणि वर गेलेली गोळी कोणाच्या तरी अंगणातच उतरते.

सरावानंतरची एक छोटी चूक फार सर्रास होते. रिकाम्या पुंगळ्या काढताना नळी जमिनीकडे धरली की न जळलेल्या दारूचे कण एक्स्ट्रॅक्टरच्या (पुंगळ्या बाहेर ढकलणाऱ्या भागाच्या) चांदणीखाली पडतात, आणि मग पुढच्या वेळी सिलिंडर बंद होताना अडतो किंवा चाप जड लागतो. लोक स्प्रिंगला दोष देतात, कोणी तर स्क्रू सैल करून बसतात. सुरक्षित दिशेला, नळी वरच्या बाजूला करून एका झटक्यात पुंगळ्या खाली पाडाव्यात आणि चांदणीच्या खालची जागा जुन्या टूथब्रशने झाडून घ्यावी. नंतर पुंगळ्या मोजून परत खोक्यात ठेवाव्यात, किती झाडल्या आणि किती उरल्या याची तारीखवार नोंद वहीत करावी, आणि परवान्यावर लिहिलेल्या संख्येपेक्षा एकही काडतूस जास्त घरात राहणार नाही याची खात्री करावी. निवडणुकीच्या काळात शस्त्र ठाण्यात जमा करायची वेळ येते तेव्हा ही वही फार उपयोगी पडते. चुलत्यांची ती हिरवी काडतुसे मी अशीच मोजून, यादी करून, ठाण्यात जमा केली. पट्टा मात्र अजून खुंटीवर आहे, रिकामा.