घरच्या ज्येष्ठांच्या गोळ्या: या चुका टाळा

गोळ्यांचा घोळ झाला की “वय झालं, विसरतात” असं म्हणून आपण मोकळे होतो. पण विसरलेल्या गोळीपेक्षा दोनदा पोटात गेलेली गोळी अनेकदा जास्त घातक ठरू शकते, आणि ती स्मरणशक्ती शाबूत असतानाही जाते.

एकच औषध, दोन नावं

रक्तदाबासाठी टेल्मा ४० आधीपासून चालू असते. मध्येच दवाखान्यात राहावं लागतं आणि डिस्चार्ज कार्डावर टेल्मिकाइंड ४० लिहून येते. दोन्हींत टेल्मिसार्टनच! घरी जुनी स्ट्रिप वाया जाऊ नये म्हणून तीही चालू राहते. मग रक्तदाब उतरतो, उठताना चक्कर येते, रात्री बाथरूमला जाताना माणूस पडतो. जोडगोळ्यांत तर हे पटकन लक्षातही येत नाही: मधुमेहाच्या ग्लायकोमेट जीपीमध्ये मेटफॉर्मिनबरोबर ग्लिमेपिराइडही असतं.

म्हणून यादीत फक्त ब्रँडचं नाव लिहून भागत नाही. स्ट्रिपवर बारीक अक्षरात छापलेला घटक, मिलिग्रॅम, कशासाठी, केव्हा आणि कोणत्या डॉक्टरांनी दिली, एवढं लिहा. डोळ्यांचे थेंब, इन्सुलिन आणि काढेही त्यात हवेत. ज्येष्ठमध रोज घेतल्याने रक्तदाब वाढतो आणि पोटॅशियम घटतं. एकच घटक दोन ओळींत दिसला तर पुढचा डोस देण्याआधी डॉक्टरांना फोन करा. नवं प्रिस्क्रिप्शन हातात पडलं की तिथेच विचारा: “जुन्यातलं काय बंद करायचं?”

डबा भरताना

सात दिवसांचा, रोजच्या चार खणांचा डबा घ्या. आठवड्यातून एकदा, दिवसाउजेडी, एकाच माणसाने भरावा. एका वेळी एकच स्ट्रिप हातात घ्यायची, सातही दिवसांचे खण भरायचे, ती बाजूला ठेवायची, मगच दुसरी. स्ट्रिप कापून घेतली असेल तर नाव आणि मुदत दिसत नाही. दुकानातच पूर्ण स्ट्रिपचा फोटो काढून ठेवा. डॅबिगॅट्रान (रक्त पातळ ठेवणारं) आणि सोडियम व्हॅल्प्रोएट (फिट्सवरचं) ओलाव्याने खराब होतात. ती मूळ वेष्टनातच ठेवा, पावसाळ्यात तर नक्कीच.

आमवातासाठी दिलेलं मेथोट्रेक्सेट आठवड्यातून एकदाच घ्यायचं असतं. चुकून रोज घेतलं गेलं तर अस्थिमज्जेवर परिणाम होऊन जीव जाऊ शकतो. त्याच्यासोबतची फॉलिक ॲसिडची गोळीही अनेकदा पिवळीच असते. मेथोट्रेक्सेट वेगळ्या डबीत ठेवा आणि वर ठळक लिहा: “फक्त सोमवार” (किंवा ठरलेला वार).

चहा आणि थायरॉइड

थायरॉइडच्या गोळीचा डोस वाढवूनही टीएसएच (थायरॉइडच्या रक्ततपासणीतला आकडा) उतरत नसेल तर आधी सकाळ कशी जाते ते पाहा. ही गोळी, म्हणजे थायरॉक्सिन, उपाशीपोटी, साध्या पाण्याबरोबर, चहाच्या अर्धा ते एक तास आधी घ्यायचं. थायरॉक्सिन आणि कॅल्शियम किंवा लोहाची गोळी यांत चार तासांचं अंतर हवं. लघवी वाढवणारी गोळी संध्याकाळी घेतली की रात्रभर उठावं लागतं. ती सकाळी चालेल का, हे डॉक्टरांना विचारा.

उपवासाच्या दिवशी

एकादशीला जेवण नाही, पण ग्लिमेपिराइड मात्र नेहमीसारखी घेतली, ही फार धोक्याची सवय आहे. साखर उतरते: घाम, थरथर, असंबद्ध बोलणं. शुद्ध असेल तर तीन चमचे साखर पाण्यातून द्या, १५ मिनिटांनी तपासा, ७० च्या खाली असेल तर पुन्हा द्या. बरं वाटलं तरी खायला घाला आणि डॉक्टरांना कळवा, कारण या गोळीने साखर काही तासांनी पुन्हा उतरू शकते. शुद्ध हरपली तर तोंडात काही घालू नका. १०८ ला फोन करा. उपवास करायचाच असेल तर डोस आधी ठरवून घ्या.

कुटून देणं, दुप्पट देणं

नावापुढे एसआर, एक्सआर किंवा ईआर (म्हणजे औषध हळूहळू सोडणारी गोळी) असेल तर गोळी कुटू नका; दिवसभराचं औषध एकदम अंगात उतरतं. गिळता येत नसेल तर पातळ औषध मिळतं का ते विचारा. डोस चुकला म्हणून पुढच्या वेळी दोन द्यायच्या नाहीत.

गुडघेदुखीसाठी दुकानातून आणलेली डायक्लोफेनॅक किंवा आयब्युप्रोफेन, टेल्मिसार्टन आणि लघवीची गोळी असं त्रिकूट जमलं की मूत्रपिंडावर ताण येतो. लघवी कमी झाली किंवा पाय सुजले तर दुखण्याची गोळी थांबवा आणि त्याच दिवशी डॉक्टरांना गाठा; ते क्रिएटिनिन (मूत्रपिंडाच्या कामाची रक्ततपासणी) तपासतील.